वर ओवी, खाली फॉर्म

चाळीस मुलं गोळा करणं हे काय काम आहे? मी जयमाला मॅडमना तोंडावर म्हणालो, "शुक्रवारपर्यंत चाळीस नावं तुमच्या टेबलावर. नाही आली तर मी ओव्या लिहायचं सोडून देईन."

मॅडम आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सर, असं आमिष दाखवू नका. मला खरंच मोह होईल."

गोष्ट साधी होती. सातवीची सहल शिवनेरीला न्यायची. संस्थेचा नियम असा, की चाळीसच्या खाली बस सुटणार नाही. आठवडाभर वर्गात ओरडून माझ्याकडे नावं जमली होती अकरा. कुरुळी म्हणजे कंपन्यांचं गाव; आमच्या मुलांच्या घरी आई कामावरून येते तेव्हा वडील कामावर निघालेले असतात. दोघांची गाठ कुलपाच्या किल्लीपुरती. अशा घरात सहलीचा कागद दप्तरातच म्हातारा होतो.

अकरातलं पहिलं नाव दिव्याचं. तिचं कुटुंब जालन्याकडचं. दोन वर्षांची असताना ती इथे आली आणि तेव्हापासून तिने पाहिल्या त्या कंपन्यांच्या भिंती. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं शिवनेरीचं चित्र तिने कापून कंपासपेटीत ठेवलं होतं. तीन वर्षांत ते घड्यांवर फाटलं, तेव्हा तिने मागून चिकटपट्टी लावली. ती रोज मधल्या सुट्टीत यायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"सर, किती झाले?"

"अकरा."

"कालपण अकराच होते."

मग मला युक्ती सुचली. कागद मुलांच्या हाती द्यायचाच नाही. सकाळी चौकात अख्खं गाव उभं असतं, थेट पालकांनाच गाठायचं. आणि फॉर्मवर ते रुक्ष 'सहलीसाठी संमतिपत्र' कशाला? माझी आजी जात्यावर दळताना ओव्या रचायची, तिचा नातू मी. एका रात्रीत ओवी उतरली आणि मी ती फॉर्मच्या डोक्यावर छापली:

पहाटेच्या पारी गाडी चौकामंदी उभी ऱ्हाते,
नाव ज्याचं कागदात, त्याला संगतीनं नेते.
न्याहारीची नको चिंता, जेवण गं गाडीपाशी,
दिवेलागणीला सोडी ज्याच्या त्याच्या दाराशी.

खाली रकाने: नाव, आधार क्रमांक, रक्तगट, अडचणीत कोणाला कळवायचं त्याचा नंबर, एक फोटो. आणि तळाला: मंगळवार, सकाळी सहा, चौक. नाश्ता व जेवण मिळेल.

दिव्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "सर, ह्याच्यात सहल कुठंय?"

"ओवीत आहे."

"मला नाही दिसली."

"बाळ, कवितेत सांगायचं नसतं, सुचवायचं असतं."

"पण सर, नुसतं वर 'सहल' लिहिलं तर?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहान आहे, म्हटलं, कळेल पुढे.

चौकात रंगरावांचं चहाचं दुकान आहे. मूळचे गावातलेच, शेत कंपनीत गेलं, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या आणि हे दुकान. फॉर्मचा गठ्ठा मी त्यांच्याकडे दिला.

"येईल त्याला द्या, रंगराव. भरलेले इथेच ठेवा."

त्यांनी तळाची ओळ वाचली. "जेवण हाय?"

"नाश्ता पण."

"गाडी दारात सोडणार?"

"अगदी दारात."

"व्हय? मग काय, गुरुजी, उद्याच्याला संपतील बघा."

दोन दिवसांत बत्तीस फॉर्म आले. अकरा आधीचे, एकूण त्रेचाळीस. रात्री ते सगळे समोर पसरून बसलो. तुम्ही म्हणाल, नावं वाचली असतील. वाचणार होतो हो. पण प्रत्येक फॉर्मवर वर माझीच ओवी होती. तीच मी बत्तीस वेळा वाचली. दर वेळी नव्याने आवडली.

शुक्रवारी गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी आकडा पाहिला, संस्थेला कळवला, बस ठरली. दिव्या मधल्या सुट्टीत आली.

"सर, किती झाले?"

"त्रेचाळीस."

 तिने कंपासपेटी उघडून एकदा चित्र पाहिलं आणि पळाली.

मंगळवारी पहाटे धुकं इतकं दाट होतं, की चौक हाताने चाचपून शोधावा लागला. दुकानाच्या दिव्याखाली अकरा मुलं पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून उभी. आणि त्यांच्या पलीकडे बत्तीस बाप्ये. पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट, हातात डबे, काहींच्या काखेत हेल्मेट. रांग अशी सरळ, की आमच्या प्रार्थनेच्या वेळी कधी लागली नाही.

मला वाटलं, वडील मुलांना सोडायला आले. केवढं प्रेम! मी विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

पुढचा म्हणाला, "मुलं गावाकडं हायेत, साहेब. लाइन कुठली हाय? असेंब्ली का प्रेस शॉप?"

"कसली लाइन?"

"कंपनी कोणती म्हणायची?"

मी रंगरावांकडे पाहिलं. ते किटली घेऊन थांबले होते. "गुरुजी, म्या सगळ्यास्नी सांगितलं ना, की तुमी कंपनीला माणसं पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय. आधार, फोटो, रक्तगट, गाडी, जेवण. दुसरं काय असतं ते?"

रांगेतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इतक्यात दिव्याचा आवाज आला.

"पप्पा?"

रांगेतला सातवा माणूस मागे सरकायला लागला. भिमाजी, दिव्याचे वडील.

"पप्पा, तुम्ही तर कामावर गेला होता ना?"

"व्हय. म्हंजी, निघालोच होतो."

"रोज डबा घेऊन इथंच येत होता?"

भिमाजी बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. कंत्राटाला महिन्यापूर्वी ब्रेक मिळाला होता, म्हणजे काम सुटलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. बाप आणि लेक, दोघांनी एकाच बससाठी आपापलं नाव दिलं होतं आणि एकमेकांना सांगायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात बस आली. धुक्यातून मॅडम उतरल्या. रांग पाहिली, मला पाहिलं.

"सर, सातवीची मुलं भलतीच वाढलीत."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अकरांवर बस हलणार नाही. ड्रायव्हर चाळीस डोकी मोजूनच निघणार. मुलांना घरी पाठवा."

चार माणसं तर डबा सावरत निघूनही गेली. दिव्याने बाटलीचा पट्टा गळ्यातून काढला आणि तो बाटलीभोवती गुंडाळायला लागली, हळूहळू, नीट.  ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

भिमाजीने ते पाहिलं. मग तो सरळ बसमध्ये चढला आणि खिडकीशी बसला.

"या रे," तो बाहेर डोकं काढून म्हणाला, "दिवस तर गेलाच हाय. डबा बांधलाय, बूट घातलेत. घरी जाऊन काय सांगायलाव?"

"अन् शिवनेरीत काय करायचं?" एकाने विचारलं.

"बघायचं. पोरीनं चित्र ठिवलंय."

एक चढला, मग दुसरा, मग रांगच चढली. मॅडम दारात उभं राहून मोजत होत्या. मुलं अकरा, माणसं अठ्ठावीस. एकोणचाळीस. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली.

रंगरावांनी किटली खाली ठेवली आणि शटर ओढलं. "शेजारच्याच तालुक्यात जन्म गेला, गुरुजी. शिवनेरी बघायचा ऱ्हायलाय." ते चढले. चाळीस.

मॅडम माझ्या शेजारी बसत म्हणाल्या, "प्रत्येकाचा आधार, रक्तगट आणि नंबर आपल्याकडे आहे. इतकी माहिती मला आपल्या शिक्षकांचीसुद्धा नाही."

मंडळी, इतकी सुरक्षित सहल महाराष्ट्रात झाली नसेल. गडाच्या प्रवेशद्वाराशी अठ्ठावीस माणसं सवयीने रांगेत लागली आणि ओळखपत्रं काढून उभी राहिली. पहारेकरी गोंधळून उठला. चढणीच्या प्रत्येक वळणावर एक एक माणूस आपणहून कठड्यासारखा उभा. दर अर्ध्या तासाला कोणीतरी ओरडायचं, "काउंटिंग!" आणि अकरा मुलं आपापला नंबर सांगायची. वर पोचल्यावर दिव्याने चित्र काढलं, समोर धरलं, एक डोळा मिटून ताडून पाहिलं.

"पप्पा, चित्रात एक झाड जास्त आहे."

"कापलं असंल," भिमाजी गंभीरपणे म्हणाला.

जेवताना रंगरावांनी त्याला विचारलं, "हातात काय काम हाय रं तुझ्या?" त्याने सांगितलं. "पुतण्याच्या वर्कशॉपला माणूस पायजे. उद्या ये दुकानावर." भिमाजीने भाकरी खाली ठेवली, हात पुसला, आणि मग पुन्हा भाकरी उचलली.

दिवेलागणीला चौकात उतरलो. सगळे माझ्याशी हात मिळवून जात होते. मन भरून आलं. शेवटी काही असो, ह्या माणसांना एकत्र आणलं ते माझ्या चार ओळींनी. न राहवून मी भिमाजीला विचारलंच.

"फॉर्मवरची ओवी कशी वाटली?"

"कोणती ओवी, सर?"

"ती वरची. चार ओळींची."

"आं, ती कविता व्हय." तो संकोचून हसला. "कंपनीच्या कागदावर वर कविता असली की ती सेफ्टीची असती, सर. ती कोण वाचायलंय? आमी डायरेक्ट खालून भरतो."

 दिव्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षीचा फॉर्म तिने आताच लिहून दिलाय. वर मोठ्या अक्षरात 'सहल' आहे, आणि माझ्या ओवीसाठी तिने मागचं अख्खं पान कोरं सोडलंय.