साडूकडं जाऊन येतो

"आपल्या संशोधनात आजार सोसलेली माणसं आपल्या बरोबरीनं बसणार! प्रश्न ती ठरवणार, आपण नाही!" लातूरच्या प्राध्यापक व्यंकटरावांनी टेबलावर हात आपटला. पुण्याच्या मॅडम खूश झाल्या. मनाच्या आजारावरच्या या संशोधनाची मंजुरी त्यांच्याच हातात होती.

अडचण एकच. उदगीरच्या बैठकीला सोसलेलं माणूसच येईना! "लाज कसली? बीपी-शुगरसारखाच हा आजार!" असं व्यंकटराव गावोगाव घसा कोरडा करून सांगत होते, तेही टँकरच्या दिवसांत. शिपाई भुजंगनं 'समितीची बैठक' म्हणून हाक दिली, तेव्हा खोली भरली. पण ती मंडळी नव्या उदगीर जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीला आलेली. जिल्ह्यासाठी जेलात जायची तयारी, पण मनाच्या आजाराचं नाव काढताच सगळ्यांच्याच एसट्या सुटायला लागल्या!

शेवटी पुण्याच्या मॅडम बैठक बघायला आल्या, त्या दिवशी भुजंगनं गुणाबाईंना आणलं. "सर, लई वर्सं सोसलंय ह्यांनी."

गुणाबाई दारातच थबकल्या. "अगं बया! सर, तुमी व्हय? नांदेडच्या दवाखान्यात शनिवारी माझ्या शेजारीच बसता की!"

व्यंकटरावांनी घाईनं समोरची फाईल उघडली. लातुरात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तर ते मुद्दाम नांदेड गाठत. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता! "मी... मी तिथं निरीक्षणाला जातो!"

"गोळी तर तुमीच गिळली. पाणी माझ्याच बाटलीतलं!" पण सरांचा चेहरा बघून बाईंना दया आली. "हाव हाव मॅडम, निरीक्षणच. दोन वर्सं झाली, निरीक्षण करून राहिलेत."

मॅडमनी हसू दाबलं. "गुणाबाई, पहिला प्रश्न तुम्हीच सांगा."

"सोपाय. दवाखान्याला निघताना घरी काय सांगता? मी सांगते, लेकीकडं चालले."

"वा! आधी आपल्यावरच करून बघू. सर, निरीक्षणाला जाताना तुम्ही काय सांगता?"

सगळे सरांकडं बघायला लागले.

"मुदखेडला... साडूकडं जाऊन येतो," व्यंकटराव पुटपुटले. मंजुरी तिथल्या तिथं मिळाली!

पण ही गोष्ट घरी पोचली तर? बाहेर येताच त्यांनी साडूला फोन लावला. "साहेबराव, आमच्या हिनं विचारलं तर शनिवारी मी तुमच्याकडंच होतो म्हणा. कारण विचारू नका!"

पलीकडून साहेबराव हळूच म्हणाले, "हाव, म्हणतो की. पन आमच्या हिनं इचारलं तर दर मंगळवारी मी लातूरला तुमच्याकडंच असतो म्हणा. अन् कारण तुमीबी इचारू नका!"