गप्पांची खोली

वसंतरावांनी एकदा मनावर घेतलं की ती गोष्ट झालीच म्हणून समजा! सकाळीच त्यांनी सुनेला ठणकावलं, "विद्युलता, आजपासून मी कॉम्प्युटर शिकणार. आठवड्यात तरबेज झालो नाही तर नाव बदलीन!"

"हो बाबा," म्हणत विद्युलता बँकेकडे पळाली. मुलगा उमाकांत तर आधीच कामावर गेला होता. आता दिवेलागणीपर्यंत तमिळ मुलखातल्या, मैलापूरच्या त्या फ्लॅटमध्ये वसंतराव आणि पंखा.

खरं सांगू? कॉम्प्युटरचं कुणाला पडलं होतं! बायको गेली, म्हणून ते सातारा सोडून मुलाकडे आले, आणि दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडेना. शेजारचे राममूर्ती जिन्यात हसायचे, हेही हसायचे, की संपलं संभाषण. अशात कोपऱ्यावरच्या नव्या इंटरनेट सेंटरवर पाटी लागली: 'चॅट रूम'. चॅट म्हणजे गप्पा. गप्पांसाठी वेगळी खोली! वसंतरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, डब्यात चिवडा भरला आणि निघाले.

"चॅट रूम?" त्यांनी विचारलं.

"उळ्ळे, सार!" सेंटर सांभाळणाऱ्या अलमेलू नावाच्या बाईने कॉम्प्युटरकडे बोट केलं. उळ्ळे म्हणजे आत, एवढं तमिळ त्यांना येत होतं. कॉम्प्युटरशेजारचं दार उघडून ते तडक आत शिरले. आत बादली, झाडू आणि त्यांच्याहून जास्त दचकलेली पाल!

अलमेलूने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. खोली त्या खोक्यात होती म्हणे. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी तीन इंग्रजी अक्षरं टाकली: ए, एस, एल.

"असल!" वसंतराव ओरडलेच. "अहो, हा तर आपल्याकडचा! 'कुणी असल का' विचारतोय!"

इंग्रजी अक्षरांत त्यांनी धडाधड मराठी हाणलं: "आहे, आहे! बोला!"

उत्तर आलं: एल, ओ, एल.

"लोळ? दुपारी मी लोळत नाही हो!" त्यांनी कळवलं. पुन्हा 'लोळ'. गडी मोठा ऐसपैस दिसला. वसंतरावांना काय भरतं आलं म्हणता! साताऱ्याची थंडी, हिचं आजारपण, सांबारातला शेवगा, सगळं सांगून टाकलं. शेवटी पत्ता देऊन लिहिलं, "उद्या दुपारी या. पोहे करतो."

पलीकडून दोनच अक्षरं आली. के, के.

काका! वसंतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि उरलेला चिवडा अलमेलूला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांचे पोहे केले. स्कूटर वाजली की गॅलरीत. रिक्षा थांबली की गॅलरीत. पोहे पार खडखडीत झाले, तरी कुणी आलं नाही.

"बाबा, दोन बशा कशाला?" संध्याकाळी विद्युलताने विचारलं.

"एकीत पोहे गार करत होतो," वसंतराव म्हणाले.

सकाळी ते तावातावाने सेंटरवर गेले. "बोलावल्यावर यायचं नाही, ही कुठली रीत?" त्यांनी जमेल तशा इंग्रजीत विचारलं. हकीकत ऐकून अलमेलूने आधी पदर तोंडाला लावला. मग त्यांचा चेहरा पाहून तो काढला. लोळ म्हणजे हसू आलं, सार. दोन के म्हणजे बरं, ठीक आहे. आणि असल म्हणजे वय काय, बाई की पुरुष, गाव कुठलं.



"म्हणजे त्याने माझी चौकशीच केली होती की," वसंतराव म्हणाले. "इथे आल्यापासून मला कुणी गावसुद्धा विचारलं नव्हतं. आणि मी उत्तर द्यायचं सोडून पोह्यांचं काय घेऊन बसलो!"

ते खुर्चीत बसले. खोलीत कुणी नवा आला होता, त्यानेही तेच विचारलं. एकेक कळ शोधत, एकही चूक न करता वसंतरावांनी लिहिलं: एकाहत्तर, पुरुष, मैलापूर.

पडद्यावर एक ओळ उमटली. अलमेलू ती वाचून हळूच इंग्रजीत म्हणाली, "ही लेफ्ट द रूम, सार."

"असू दे, असू दे," वसंतराव घाईने म्हणाले. "कामाची माणसं असतात."