नार्सिसाबाईंच्या परीक्षेत काहीच घडले नाही

पुकारालोमा दूध उत्पादक संघाच्या सभेत एकमताने असे ठरले की, यापुढे संघाचा ट्रक अशा माणसाने चालवावा, जो दुधासकट शहरात पोहोचेल.

हा ठराव करण्याची वेळ एर्मेलमुळे आली. एर्मेल आमचा ड्रायव्हर. एरवी रुबाबदार, स्टिअरिंगवर बसला की अधिकच रुबाबदार. डोंगरउतारावरच्या वळणांवर त्याने मरणाला अनेकदा हुलकावणी दिली होती. दर वेळी तो दरीच्या काठावरून सुखरूप परत यायचा, दुधाचे कॅन मात्र दरीत जायचे. गाव त्याला मिठ्या मारायचे, बायका डोळे पुसायच्या. अशा प्रसंगी दुधाची चौकशी करणे बरे दिसत नसे.

त्याच्या जागी नार्सिसा तोआपांता या पन्नाशीच्या विधवा बाईंची निवड झाली. दरीत सर्वांत जास्त दूध त्यांच्या गाईंचे गेले होते, हीच त्यांची पात्रता. अवजड वाहनाचे लायसन्स हाती येईपर्यंत एर्मेलच ट्रक चालवणार होता. त्यामुळे बाईंना घाई होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या गाईंना.

शहरातल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत त्यांना होल्गेर मास्तर मिळाले. मास्तरांची मान डावीकडे वळत नसे. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती, पण आरशाचे महत्त्व ते फार कळकळीने शिकवत.

“रस्त्यावर सगळे वेडे आहेत असं धरून चालायचं,” मास्तर सांगत. “समोरचा वेडा, मागचा वेडा, आणि कडेला नुसता उभा आहे तो तर नक्कीच.”

“आणि मी, मास्तर?”

“तुम्ही शहाण्या असलात तरी कुणाला सांगू नका. गुपचूप अंतर ठेवा.”

पहिल्या उताराला बाईंनी स्टिअरिंग इतके घट्ट धरले की खाली आल्यावर मास्तरांना त्यांची बोटे सोडवावी लागली. हळूहळू जमू लागले. उतार लागायच्या आधीच गिअर खाली आणायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, नजर लांब टाकायची. शेवटी शेवटी तर त्या उतारावर गुणगुणू लागल्या. मास्तर म्हणाले, आता परीक्षा द्या.

परीक्षक होते इंजिनियर बोलिव्हार आर्तेआगा. साहेब कशाचे इंजिनियर होते हे लायसन्सच्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी आवारातला परीक्षेचा ट्रक दाखवला. शिकवल्याप्रमाणे बाईंनी आधी ट्रकभोवती फेरी मारली. मागचे टायर गुळगुळीत झाले होते आणि ब्रेकचा लाल दिवा लागत नव्हता.

“साहेब, हा ट्रक रस्त्यावर नेता येणार नाही.”

“बाई, हा रस्त्यावर न्यायचा ट्रकच नाही. हा परीक्षेचा ट्रक आहे.”

“पण परीक्षा रस्त्यावर आहे ना?”

साहेब विचारात पडले. नादुरुस्त वाहन चालवायला नकार देणे हे बरोबर उत्तर होते. ट्रकमध्ये न बसणे म्हणजे मात्र गैरहजेरी. म्हणजे बाई गैरहजर राहून पहिल्या भागात उत्तीर्ण झाल्या होत्या. हा पेच सोडवायला संघाचा ट्रक मागवण्यात आला. विनापरवाना बाईंना तो आवारात आणता येत नसल्यामुळे एर्मेलने आणला. येताना फाटकाच्या खांबाचा थोडा भागही आणला.

साहेबांचा चेहरा खुलला. “याला मीच पास केला. परीक्षेत गाय आडवी आली होती, वीतभर अंतरावर थांबवला पठ्ठ्याने. पैकीच्या पैकी दिले.”

“वीतही नव्हती, साहेब,” एर्मेल विनयाने म्हणाला.

आम्ही निघालो. संघाचा चिटणीस या नात्याने मी मागच्या बाकावर होतो. बाईंनी समोरच्या गाडीपासून अंतर ठेवले. त्यात एक टॅक्सी घुसली. बाईंनी वेग कमी करून टॅक्सीपासून अंतर ठेवले. त्यात बस घुसली. मग बसपासून ठेवले, तर अननसाची हातगाडी आली.

“बाई, आपण पुढे चाललोय की मागे?” साहेबांनी विचारले.

“पुढेच, साहेब. फक्त आपल्या पुढे माणसं वाढलीत.”

बाजारापाशी पांढऱ्या पट्ट्यांजवळ एक म्हातारी उभी होती. बाई थांबल्या. म्हातारीच्या हयातीत त्या पट्ट्यांवर ट्रक थांबला नव्हता. तिला यात डाव दिसला.

“आधी तू जा,” ती ओरडली.

“तुम्ही जा, आई.”

“मी पाऊल टाकलं की तू सुटणार. चांगली ओळखून आहे मी तुम्हा लोकांना.”

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. अखेर साहेब स्वतः उतरले आणि त्यांनी म्हातारीचा दंड धरला. तिने त्यांना हातातल्या पातीच्या कांद्याच्या जुडीने झोडपले, पण रस्ता ओलांडला.

पुढे मोठा उतार. बाईंनी आधीच गिअर खाली आणला होता. तेवढ्यात लांब खाली मघाची बस घसरली आणि गर्रकन फिरून रस्त्यात आडवी झाली. बाईंचा ट्रक रमतगमत गेला आणि थांबला. साहेब कोटावरची कांद्याची पात वेचत होते. त्यांनी मान वर केली.

“का थांबलो?”

“बस आडवी झालीय.”

“कुठे?”

“ती काय, तिकडे.”

आवारात परतल्यावर साहेबांनी निकाल सांगितला. नापास.

“चुकलं काय, साहेब?”

“संकटात उमेदवार काय करतो हे मला बघायचं असतं. तुमच्या वेळी संकटच आलं नाही.”

“आलं होतं की. बसचं.”

“तुमच्यापर्यंत पोहोचलं?”

“नाही.”

“मग मी मार्क कशाचे देऊ?”

होल्गेर मास्तरांनी हे ऐकले आणि बराच वेळ ते आरशात पाहत राहिले. मग म्हणाले, “पुढच्या खेपेला साहेबांना घाबरवा.” बाईंना ते मुळीच पटले नाही. पण त्याच आठवड्यात एर्मेल पुन्हा एकदा मरणाच्या दारातून परतला. गावाने त्याच्यासाठी बँड लावला, आणि बाईंनी दुसऱ्या परीक्षेसाठी नाव दिले.

या वेळी त्यांनी साहेबांना पट्टा लावायची विनंती केली. परीक्षकाला तो लागत नाही, असे साहेब म्हणाले. मोकळ्या रस्त्यावर बाईंनी आरशात पाहिले. मागे कुणी नाही याची खात्री केली आणि ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभ्या राहिल्या. साहेबांचे कपाळ काचेला भेटून आले.

“काय होतं?”

“कुत्रं, साहेब.”

“मला नाही दिसलं.”

“फार जवळ होतं.”

कपाळावर टेंगूळ मिरवत साहेबांनी सगळ्या आवाराला ऐकू जाईल असे सांगितले की, याला म्हणतात ड्रायव्हिंग. पैकीच्या पैकी. लायसन्स हातात घेऊन बाई माझ्याबरोबर गावी परतल्या. फाट्यावर उतरताना एवढेच म्हणाल्या, “चिटणीस, आज मी पहिल्यांदा वाईट चालवलं.”

तेव्हापासून दूध रोज पोहोचते. वार्षिक सभेत विषय निघाला.

“बाई करतात तरी काय?” एका सभासदाने विचारले. “सकाळी जातात, दुपारी येतात.”

“एर्मेल असताना निदान आपण वाट तरी बघायचो,” दुसरा म्हणाला. “जीव टांगणीला लागायचा.”

हल्ली रस्ताच सोपा झालाय, असे मत खुद्द एर्मेलने दिले. टाळ्या पडल्या.

बाई उभ्या राहिल्या. “एकदा दरीत घालून दाखवू का?”

सभेने सूचना गांभीर्याने घेतली. चर्चा लांबली, कारण त्या दिवशी ट्रकमध्ये दूध कुणाचे असावे यावर एकमत होईना. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि एर्मेलच्या सत्कारासाठी समिती नेमली.

तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. फक्त काल ज्या ड्रायव्हरने तुम्हाला धक्काही न लागता घरी पोहोचवले, त्याचे नाव तेवढे सांगा.