रेफ्रिजरेटर, आठ दिवसांच्या बोलीवर

विषय : बोटीवरील रेफ्रिजरेटर चालू होत नसल्याबाबत.
संदर्भ : श्री. हरिहर सबनीस, हेडक्लार्क, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, यांचा एप्रिल १९५६ चा अर्ज.

सदर रेफ्रिजरेटर हरिहरपंतांनी बायकोच्या शिलाई मशीनच्या बदल्यात आणला होता, आणि तोही बायकोला न विचारता. खाडीत लाँच चालवणारा धाकू तांडेल मुलीच्या लग्नात द्यायला मशीन शोधत होता. त्याच्या लाँचवर, लढाईनंतरच्या लिलावात लाँचबरोबरच आलेला, रॉकेलवर चालणारा रेफ्रिजरेटर होता. ऑफिसात सहज म्हणून 'आमच्या फ्रिजमधलं पाणी' असे शब्द उच्चारायला मिळणार, या कल्पनेने हरिहरपंतांची बुद्धी (होती तेवढी) गोठली. त्या यंत्राने त्यांच्यासाठी गोठवलेली ती एकमेव वस्तू.

बोली अशी ठरली की आठ दिवसांत फ्रिज गार झाला नाही, तर ज्याची वस्तू त्याला परत. हरिहरपंतांनी ती स्वहस्ते कागदावर उतरवली.

सुमतीबाई त्या मशीनवर निम्म्या आळीची पोलकी शिवत. घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. मशीनच्या रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी एकच विचारलं, "आठ दिवस म्हणजे आजचा धरून, की उद्यापासून?"

व्यवहारातली ही बारीक नजर आपल्या सहवासाने आली, असं वाटून हरिहरपंत सुखावले.

खाली वात पेटवायची, दार बंद ठेवायचं आणि दिवसभर जळू द्यायची, एवढंच धाकूने सांगितलं होतं. सकाळी वात पेटवून हरिहरपंत ऑफिसात गेले. संध्याकाळी येऊन पाहतात तो वात विझलेली, आणि आत ठेवलेल्या दुधाला मात्र उत्तम विरजण लागलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

कारकुनी डोक्याने निदान केलं. यंत्राचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलेलं. जमिनीवर त्याला चैन पडत नसणार. त्यांनी फ्रिजच्या एका बाजूखाली पाट सरकवला आणि दर दोन तासांनी फ्रिज पाळण्यासारखा हलवण्याचा सुमतीबाईंना हुकूम दिला. "हलवते," त्या म्हणाल्या. संध्याकाळी वात पुन्हा विझलेली.

"हलवल्यामुळे विझली असेल," सुमतीबाई म्हणाल्या. हे हरिहरपंतांना तर्कशुद्ध वाटलं.

मग पाट काढला. रॉकेल जुन्या धोतरातून गाळून झालं. रात्री वात ठेवावी, तर पेटत्या रॉकेलशेजारी मी झोपणार नाही, असं सुमतीबाईंनी निक्षून सांगितलं. रविवारी ते स्वतः राखणीला बसले आणि गार झाला का हे पाहायला दर पाच मिनिटांनी दार उघडत राहिले. शेजारच्या श्रीपादरावांनी चौकशी केली, तेव्हा "फ्रिज चालू आहे, फक्त सुरू व्हायचाय," असं उत्तर मिळालं.

अखेर हाडाच्या कारकुनाने करायचं तेच त्यांनी केलं. लाँचचा लिलाव करणाऱ्या कचेरीकडे तीन प्रतींत अर्ज धाडला : यंत्राचं माहितीपुस्तक मिळावं, आणि बोटीवरून उतरवलेल्या यंत्रास जमिनीची सवय होण्यास किती कालावधी लागतो तेही कळवावं.

आठव्या दिवशी धाकू आला. अर्जाचं उत्तर यायचं आहे, तेव्हा चार दिवस मुदतवाढ द्यावी, असं हरिहरपंतांनी सुचवून पाहिलं.

"अहो, बोली म्हणजे बोली," सुमतीबाई म्हणाल्या. "तुमच्याच अक्षरात आहे." कागद त्यांच्या हातात तयारच होता.

धाकू डोकं खाजवत फ्रिज घेऊन गेला आणि मशीन घरी आलं.

आठवड्याने धाकू मुलीच्या लग्नाची पोलकी शिवायला टाकायला आला. बाई मशीनवर होत्या, हरिहरपंत पेपर वाचत होते.

"शेट, तुमच्या घरान काय झालता त्याला? माझ्याकरं पयल्याच दिशी बरफ झाला."

"वात विझत नाही?"

"कशी इझल? खाडीच्या वाऱ्याला टिकलेली वात ती. कुनी तोंड लावून फुकल्याबिगर इझायची नाय."

मशीन क्षणभर थांबलं, आणि मग पहिल्यापेक्षा जोरात चालू लागलं.

हरिहरपंतांनी पेपर खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. मग दौत-टाक घेऊन त्यांनी त्याच कचेरीला स्मरणपत्र लिहिलं : घरातील वारा खाडीवरील वाऱ्यापेक्षा अधिक जोराचा असतो काय, याचा खुलासा व्हावा.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.