तुलनेसाठी एक नॉर्मल माणूस

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाच्या खिडकी क्रमांक चारमधून एक प्रबंध परत आला. विषय ‘विविध ज्ञानशाखांतील सर्वसामान्यता व सुव्यवस्था यांच्या संकल्पना’. पाने ६१२, वर्षे सात. शेरा असा: ‘तुलनेसाठी एक नॉर्मल माणूस जोडलेला नाही. शुक्रवारी पाचपर्यंत जोडावा, अन्यथा नोंदणी रद्द.’ शेरा रास्तच होता. मोजपट्टी न दाखवता कापड मोजल्याचा दावा कोणत्याही सुव्यवस्थित संस्थेने मान्य करू नये.

“अहो, हे सातव्या वर्षी सांगताय?” संशोधिका म्हणाली.

“मॅडम, सहाव्या वर्षापर्यंत हा रकानाच नव्हता,” खिडकीतले कारकून म्हणाले. “माणूस तुमचा तुम्ही आणा. पाच विभागांचे शिक्के लागतील.”

घरी सासूबाईंनी विषय तिथल्या तिथे मिटवला. “अगं, जगभर शोधत बसलीस आणि माणूस इथे घरात जेवतोय!”

माणूस, म्हणजे संशोधिकेचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने रजा टाकली. (कारण: ‘नॉर्मल असल्याचे सिद्ध करणे’. साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघून मंजूर केली.)

बुधवारी तपासणी झाली. संख्याशास्त्र विभागाने त्याची उंची, वजन, झोप, घोरणे आणि दिवसभरात उच्चारलेले शब्द मोजले. सगळे आकडे बरोबर सरासरीवर आले. इतका सरासरी माणूस चाळीस हजारांत एखादाच सापडतो, तेव्हा तो असाधारण ठरला. वैद्यक विभागाला त्याच्यात काहीच सापडले नाही, म्हणून आणखी एकोणीस तपासण्या सुचवण्यात आल्या. एवढे होऊनही तो शांत आहे, हे लक्षण मानसशास्त्राला बरे वाटले नाही. विधी विभागाच्या मते कोणताही समंजस माणूस असल्या रांगेत उभाच राहिला नसता. अभियांत्रिकीने तो ठरलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त असल्याचे कळवले (कुठे, हे कळवले नाही).

“सर, मग नॉर्मल म्हणजे नक्की किती?” त्याने शेवटच्या विभागप्रमुखांना विचारले.

“ते तुमच्या मिसेसच्या प्रबंधात येईलच की! आम्हीही त्याचीच वाट बघतोय.”

शिक्के पाचही मिळाले, पाचही ‘अपात्र’ असे. सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचले. “सात वर्षांत माझ्या पोराचं हे करून ठेवलंस होय!”

गुरुवारी विद्यापीठाने उदार मनाने जाहीर आवाहन काढले. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत १,३१२ अर्ज आले. ‘आपण नॉर्मल आहात काय?’ या रकान्यात सर्वांनी ‘हो’ लिहिले आहे. ‘तपासणीस तयार आहात काय?’ हा रकाना सर्वांनी कोरा सोडला आहे. ‘ओळखीतल्या, नॉर्मल नसलेल्या दोन व्यक्तींची नावे’ या रकान्यात मात्र जागा अपुरी पडली आणि १,३०६ जणांना पुरवण्या जोडाव्या लागल्या. (उरलेल्या सहांनी समासात लिहिले.)

आता चार वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. संशोधिका खिडकीसमोरच्या बाकावर पुरवण्या घेऊन बसली आहे. अर्जदारांपैकी कोणी फोन उचलत नाही, म्हणून पुरवण्यांतल्या लोकांपैकी कोणी तपासणीला येते का, हे ती एकेकाला विचारते आहे. प्रस्तुत मजकूर वाचणाऱ्याचे नाव आतापर्यंत दोन पुरवण्यांत आढळले आहे. त्यांपैकी एक पुरवणी वाचणाऱ्याच्या घरच्याच पत्त्यावरून आलेली आहे.