मोंबासातली धाकटी पाती

चूक माझी होती, हे आधी सांगून टाकतो. दत्तूला सगळे विक्षिप्त म्हणत, मीही म्हणत असे; पण त्याच्या दारापुढून वरात माघारी फिरवली ती मी, आणि तेव्हा माझी गणना शहाण्यांत होत होती.

देवासात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची ही बाजू एका महाराजांची, ती दुसऱ्यांची. गावाला त्याचे काही वाटत नाही. दत्तूला फार वाटे. मी धारचा, शाळेसाठी देवासला मामांकडे राहत होतो, तेव्हापासून त्याला पाहतो आहे. पेरू कापला तरी तो आधी पात्या ठरवी. रस्ता ओलांडताना थांबून जोडे झटकी, कारण थोरल्या पातीची धूळ धाकटीत नेणे त्याला गैर वाटे. कुत्रे अंगावर आले तरी आधी विचारी, "हे कोणत्या पातीचं?"

माझे लग्न धाकट्या पातीतल्या मुलीशी ठरले. दत्तूचे घर रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीत. वरात त्याच्या दारावरून न्यायचे मी कबूल केले होते. वाजंत्री हद्दीपलीकडे न्यायची म्हणून तो दिवसभर कचेरीत बसून परवाना घेऊन आला आणि दिवे लावून, पन्हे करून दारात उभा राहिला. ऐन वेळी सासरचे एक काका, त्या विक्षिप्ताच्या दारी वरात कशाला, म्हणून कुरकुरले. मला झंझट नको होती. मी घोड्यावरून मान हलवली आणि वरात वळली. पुढे दत्तू रेल्वेच्या नोकरीवर आफ्रिकेत गेल्याचे कानावर आले.

पुष्कळ वर्षांनी धारच्या एका बोहरी शेठजींचा मुनीम म्हणून मी मोंबासाला गेलो. मालधक्क्यावर पिकल्या मिशांचा एक कारकून हमालाला दटावत होता, "रेघेच्या पल्याड तेरी हद्द नहीं, भिया." चेहऱ्याआधी आवाज ओळखला, आणि भैयाचे ते माळवी 'भिया'ही. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "धारवाले, जाडा झालास," म्हणाला, आणि संध्याकाळी जेवायला घेऊन गेला. तो वरातीचा विषय केव्हा काढतो, या धास्तीने मी वाटभर हवापाण्याचे बोलत राहिलो.

त्याच्या खोलीत जमिनीवर मधोमध खडूची रेघ होती. अलीकडे त्याची खाट नि ट्रंक. पलीकडे दुसरी खाट, दुसरा तांब्या. मी पाय पुढे टाकताच तो म्हणाला, "हद्द पाहून, भिया. तिकडे धाकटी पाती." तिकडे राहत कोणीच नव्हते. तरी तिथला कारभार ढिला आहे, झाडलोट वेळेवर होत नाही, अशी त्याची गंभीर तक्रार. लोणच्याची बरणी चुकून तिकडे गेली होती. ती त्याने पलीकडे जाऊन, स्वतःच परवानगी देऊन, परत आणली होती. मी हसून हसून खाली बसलो. तोही हसला.

"अरे, इथं कोण बघतंय? कशाला हे सगळं?" मी विचारले.

तो वरण ढवळत होता. "एकट्या माणसाला खोली फार मोठी होते रे. मधे रेघ मारली की निदान शेजार होतो. संध्याकाळी आलो की तिकडे बघून विचारतो, क्यों भिया, जेवलास का?"

त्याने दोन ताटे मांडली, माझ्या भातावर तूप जरा जास्तच वाढले. वरातीबद्दल चकार शब्द नाही. घास हातातच धरून शेवटी मीच बोललो.

"दत्तू, काकांचं नुसतं निमित्त होतं. लोक हसतील म्हणून भ्यालो मी. तू दारात उभा होतास, ते मला घोड्यावरून दिसत होतं. चुकलो रे. मला माफ कर."