ग्लेनिसच्या कादंबरीतली बाई

लेखकाला सभेत फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात: हे सुचलं कशावरून, आणि लिहिलं कुणासाठी. ग्लेनिस ट्रेलोरकडे दोन्हींची उत्तरं तयार होती. सुचलं समुद्रावरून, लिहिलं सगळ्यांसाठी. आठवडाभर भांडी घासताना ती हेच घोकत होती.

"पण तुझ्या कादंबरीत समुद्र आहे कुठे?" तिचा नवरा डेन्झिल पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "सगळी तर स्वयंपाकघरात घडते."

"खिडकीतून दिसतो," ग्लेनिस म्हणाली.

खरं सांगायचं तर कादंबरी समुद्रावरून सुचलीच नव्हती. ती सुचली होती शेजारच्या घरावरून. तिथे डेन्झिलची थोरली बहीण डॉरी राहायची. डॉरी मागच्या दाराने यायची, टकटक न करता. आली की आधी फ्रिज उघडून दूध हुंगायची, मग कढया डावीकडच्या कपाटातून उजवीकडे लावायची, आणि जाताना भावाकडे बघून म्हणायची, "वाळलास रे." डेन्झिलचं वजन शंभर किलोच्या पुढे होतं.

हे तोंडावर बोलायची ग्लेनिसला कधी हिंमत झाली नाही. म्हणून पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिने तीनशे पानांची कादंबरी लिहिली. तिच्यात ईनिड नावाची बाई भावाच्या घरात घुसून घुसून त्याच्या बायकोला वेड लागायची पाळी आणते. ग्लेनिसचा बेत साधा होता. इतरांना काही कळायचं नाही, डॉरी मात्र वाचेल, मनातल्या मनात ओशाळेल आणि दारावर टकटक करायला लागेल.

कादंबरी ॲडलेडच्या एका छोट्या प्रकाशकाने छापली. डॉरीने पहिली प्रत विकत घेतली, दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी उभी केली, आल्यागेल्याला दाखवली. उघडली मात्र नाही.

शनिवारी दुपारी त्यांच्या पोर्ट वॉलन गावच्या वाचनालयात कार्यक्रम झाला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चर्चमधून बाकं आणली होती. मंचावर दोन लेखक होते, ग्लेनिस आणि ॲडलेडहून आलेले ह्यूबर्ट स्लॅटर. स्लॅटरसाहेबांनी ऑस्ट्रेलियातल्या डिसेंबरच्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळला होता. पहिल्या रांगेत मधोमध डॉरी बसली होती, मांडीवर पेस्ट्यांचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचं, ताट घेऊन.

ग्रंथपाल जनीनने पहिला प्रश्न स्लॅटरना विचारला. "आपल्याला कादंबरी सुचली कशावरून?"

स्लॅटरनी डोळे मिटले. "समुद्रावरून," ते म्हणाले.

ते ग्लेनिसचं उत्तर होतं.

"आणि लिहिली कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," स्लॅटर म्हणाले. "आणि खरं तर कुणासाठीच नाही."

टाळ्या झाल्या. आता माईक ग्लेनिसच्या हातात आला. डोक्यात समुद्र होता तिथे कोरडी ठक्क वाळू उरली होती. माणसाला खोटं सुचेनासं झालं की खरंच बाहेर पडतं.

"एका बाईवरून," ती म्हणाली. "इथलीच आहे. न विचारता घरात येते."

सभेत खसखस पिकली. जनीन खुर्चीत पुढे सरकली. "आणि लिहिलीस कुणासाठी?"

"तिच्याचसाठी. तिने एकदा वाचावी, एवढंच."

"कोण ती?" मागून कुणीतरी ओरडलं. ग्लेनिस छताकडे बघायला लागली. भिंतींकडे बघितलं, स्लॅटरच्या मफलरकडे बघितलं. पहिली रांग सोडून सगळीकडे बघितलं. त्या नादात तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या वॅल्मे हॉकिंगवर क्षणभर टेकली. तेवढं पुरलं. सगळ्या माना वॅल्मेकडे वळल्या.

वॅल्मे एकदा, फार वर्षांपूर्वी, केकचा डबा परत द्यायला ग्लेनिसच्या घरात शिरली होती आणि जाता जाता पडदा सरळ केला होता. तो पडदा तिला आता आठवला. ती उठली, पर्स काखेत मारली आणि चहाला न थांबता निघून गेली.

सोमवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या लॉन बोल्सच्या क्लबात वॅल्मेशी कुणी बोलेना. मंगळवारी वॅल्मेच्या बहिणीने ग्लेनिसशी बोलणं टाकलं. या सगळ्या धामधुमीत ग्लेनिसची बाजू घेऊन गावभर फिरणारी एकच बाई होती, ती म्हणजे डॉरी.

ती मागच्या दाराने आली, दूध हुंगलं आणि म्हणाली, "मी वॅल्मेला गाठलं बेकरीत. चांगली तासली. म्हटलं, दुसऱ्याच्या घरात टकटक न करता शिरतेस, काही रीतभात आहे की नाही?"

"डॉरी, अगं..."

"तू गप्प बस. तू गरीब स्वभावाची, तुला कुणीही छळतं. माझ्या भावाच्या घरात येऊन तुला त्रास देते म्हणजे काय? मी असताना?" बोलता बोलता डॉरीने दोन कढया उजवीकडे लावल्या.

ग्लेनिसने डेन्झिलकडे बघितलं. डेन्झिलने पेपर उंच धरला.

"तुझी बहीण आहे, तू सांग," डॉरी गेल्यावर ती म्हणाली.

"पुस्तक तू लिहिलंस," डेन्झिल म्हणाला. "मी तर वाचलंही नाही पुरतं."

ग्लेनिसला रात्रभर झोप लागली नाही. डॉरी रागावली तर रागावली, पण बिचाऱ्या वॅल्मेने कुणाचं काय बिघडवलं होतं? सकाळी ती डॉरीकडे गेली. डॉरी ओट्याशी कणीक मळत होती.

"ती बाई वॅल्मे नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मग कोण? नाव सांग, आत्ता जाते."

"कुठे जायची गरज नाही. तू आहेस."

डॉरीचे हात कणकेतच थांबले. मग तिने ते धुतले, सावकाश पुसले आणि दिवाणखान्यात जाऊन फुलदाणीशेजारचं पुस्तक उचललं. "जा तू आता," एवढंच म्हणाली.

मग डॉरी आलीच नाही. कढया डावीकडच्या डावीकडे राहिल्या. हेच तर हवं होतं, असं ग्लेनिस स्वतःला सांगत होती. पण मागचं दार वाऱ्याने जरा वाजलं की तिची मान तिकडे वळायची. एकदा तिने स्वतःच दूध हुंगून पाहिलं आणि ते नासलेलं निघालं. डेन्झिल म्हणाला, "हल्ली मी वाळलोय का, कुणी सांगतच नाही."

रविवारी दारावर टकटक झाली. पुढच्या दारावर. ग्लेनिसने उघडलं तर डॉरी उभी. डोळे सुजलेले, काखेत पुस्तक, पानापानात कागदाच्या खुणा.

"वाचलं," डॉरी म्हणाली. "रात्री जागून वाचलं. दूध हुंगते, कबूल. कढया हलवते, तेही कबूल. टकटक करत नाही, कबूल. माझ्या भावाच्या घरी टकटक काय करायची, असं वाटायचं मला. तुझं घर आहे हे लक्षातच आलं नाही कधी."

ग्लेनिस पुढे झाली. "डॉरी, मी..."

"थांब, माझं झालेलं नाही." डॉरीने एक पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं. "हे काय? ईनिड पेस्टीत गाजर घालते? मांस, बटाटा, कांदा, सलगम. आमच्या सात पिढ्यांत कुणी पेस्टीत गाजर घातलेलं नाही. हे लोकांनी वाचलं तर माझी काय अब्रू राहील?"

"तू ओळखू येऊ नयेस म्हणून घातलं गं."

"मग नाक मोठं करायचंस. गाजर?"

दोघी पायरीवरच बसल्या आणि हसून हसून डॉरीच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने विचारलं, "येऊ का आत?" ग्लेनिस हो म्हणाली. आत गेल्यावर डॉरीने कढया उजवीकडे लावल्या, पण आधी विचारून.

दुसऱ्या दिवशी क्लबात डॉरी खुर्चीवर चढली आणि तिने जाहीर केलं की कादंबरीतली बाई ती स्वतः आहे, गाजर सोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर तिची सही घेतली.

संध्याकाळी वॅल्मे ग्लेनिसच्या दारात आली. आता ही मोकळी झाली, असं वाटून ग्लेनिसने चहा ठेवला.

"म्हणजे मी नव्हतेच त्यात?" वॅल्मे म्हणाली.

"नाही गं. तुला उगाच त्रास झाला, माफ कर."

वॅल्मेचा चेहरा उतरला. "पर्थला मुलीला कळवून बसले मी, आईवर कादंबरी आलीय म्हणून. तिने पाच प्रती मागवल्या, सासरी वाटल्या. आता काय सांगू तिला?"

ग्लेनिसने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "पुढच्या कादंबरीत बघू या," ती कशीबशी म्हणाली.

वॅल्मेने चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. "पण जरा बारीक दाखव."